बाटलीत नर, कलमाखाली पाळणाघर

मे महिना लागला की आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातले दोघे मुंबईकर. म्हणणं थोडक्यात असं : हापूसमधली अळी मोहरातच शिरते. बाटलीत तुळशीचा रस घालून कलमाला टांगा, सगळ्या फळमाश्या मरतात, मग दुसरं काही करायला नको. स्पेन-इटलीतले ऑलिव्हवाले हेच करतात. पडलेले आंबे कलमाच्या बुंध्यात लोटा, खत होतं. आणि आंबा खाण्याआधी मिठाच्या पाण्यात ठेवा, अळ्या बाहेर येतात.

यातलं तुळशीचं तेवढं अर्धं खरं आहे. बाकीचं बघू.

ही अळी फळमाशीची, आणि मोहराशी फळमाशीचा काही संबंध नाही. मादीला तयार होत आलेलं फळ लागतं. शेपटाकडची सुईसारखी नळी सालीत खुपसून ती आत पुंजक्याने अंडी घालते. डंखाच्या जागी आधी बारीक टिपका दिसतो, कधी चिकाचा थेंब, आणि दोन-चार दिवसांनी तिथे बोट दाबलं तर मऊ लागतं. मोहराची गोष्ट बहुधा बाठ्यातल्या भुंग्यावरून आली असावी. तो भुंगा आंबा अगदी लहान असताना त्यावर अंडं घालतो, अळी बाठ्यात पोचते आणि फळ वाढताना तिची वाट बुजून जाते. म्हणून बाहेरून निर्मळ दिसणाऱ्या आंब्याच्या बाठ्यात काळा भुंगा सापडतो आणि माणूस म्हणतो, हा आत शिरला कुठून? साक्याचं, म्हणजे गर पांढरट स्पंजासारखा होतो त्याचं, खापरही काही जण माशीवरच फोडतात. साका हा फळातलाच बिघाड, त्यात कीड नसतेच.

आता बाटली. तुळशीत मेथिल युजेनॉल नावाचं द्रव्य असतं आणि त्याच्या वासाला फळमाशी खरोखर वेडी होते. हे कळलं तेही आपल्याच देशात : बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ साली सिट्रोनेला तेलाकडे माश्या झेपावतात हे नोंदवलं आणि पुढे १९१५ मध्ये त्यामागचं हे द्रव्य दाखवून दिलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच वासावर चालतो. पण या वासाला येतात ते नर. सापळा उघडून पांढऱ्या कागदावर ओता आणि बघा. गांधीलमाशीसारखी बारीक कंबर, पाठीवर पिवळे पट्टे, आणि शेपूट जवळजवळ सगळ्यांचं बोथट. डंखाची नळी असलेली मादी शोधून सापडत नाही. आंबा नासवणारी ती, आणि ती बाटलीकडे ढुंकूनही बघत नाही.

नर संपले तर माद्या वांझ राहतील, हे खरंच. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून जवळजवळ सगळे मारावे लागतात. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर १९६०च्या दशकात ते जमलं, कारण विमानातून मेथिल युजेनॉल आणि विष मुरवलेले तुकडे टाकून अख्खं बेट व्यापलं होतं आणि भोवती समुद्र होता. आमच्या बागेभोवती गडगा आहे. माशीला तो दिसतही नाही.

नुसता रस ठेवला तर आणखी एक घोळ. तो चाटून नर सुखरूप उडून गेला, तर त्याच द्रव्यापासून त्याच्या अंगात मादीला भुलवणारा गंध तयार होतो. म्हणजे आपण त्याला अत्तर लावून लग्नाला पाठवतो. म्हणूनच सापळ्यातला प्लायवूडचा तुकडा मेथिल युजेनॉलबरोबर कीटकनाशकातही भिजवलेला असतो. सापळे लावाच, आणि शेजारच्यालाही लावायला सांगा. फक्त 'दुसरं काही करायला नको' हे वाक्य पुसा.

ऑलिव्हची माशी आपल्या माशीच्याच कुळातली, बॅक्ट्रोसेरा ओलिए. आपली बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. पण भावकी असली तरी सवयी निराळ्या. ऑलिव्हच्या माशीला मेथिल युजेनॉलचं काहीच वाटत नाही. तिथे सापळ्यात अमोनियाचा वास देणारं खाद्य घालतात, किंवा मादीचाच गंध वापरतात, कारण त्या जातीत मादी नराला बोलावते. काही जण फळांवर पांढऱ्या केओलिन मातीचा लेपही फवारतात. ऑलिव्हवाल्याच्या बागेत तुळशीची बाटली रिकामीच लटकेल.

मिठाच्या पाण्याने एखादी मोठी अळी बाहेर येईलही, अंडी आणि गरात शिरलेल्या अळ्या आतच राहतात. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा बंद केला होता तो याच माशीपायी, आणि त्यावर उपाय म्हणून पुढे आला तो ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवण्याचा. ते तापमान काटेकोर राखावं लागतं, घरच्या टोपात आंबा उकडून निघेल.

पडलेल्या आंब्यांचं शेवटी ठेवलं, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. पडीचा आंबा उचलून पडवीत कापा. मोठी झालेली अळी धनुष्यासारखी वाकते आणि टणकन वीतभर उडते. ही उडी तिला मातीत जाण्यासाठी लागते. आंब्यातून निघून ती वरच्या दोन-तीन इंचांत कोष करते आणि दहाएक दिवसांत माशी होऊन वर येते. बुंध्यात आंबे लोटणं म्हणजे तिला मऊ माती, पाचोळा आणि वर टांगलेली फळं एका जागी देणं. दोन फूट खड्ड्यात पुरा म्हणतात, पण कातळावरच्या बागेत तेवढं खणायला सुरुंगच लावावा लागेल. आम्ही आंबे जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकतो. आठवड्याने आत नुसता काला उरतो. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झाला की आंबा काढायचा, झाडावर पिकू द्यायचा नाही, हेही त्यातलंच. घरापुढच्या चार फांद्यांना कागदी पिशव्या बांधल्या तर आणखी बरं, सगळ्या बागेला मजुरी परवडत नाही.

हंगामानंतर माशी पेरूवर, चिकूवर, किनाऱ्यावरच्या देशी बदामावर दिवस काढते. आमच्या बागेला लागून एक रायवळ, म्हणजे बाठ्यापासून वाढलेला बिनकलमी आंबा, आहे. सातबाऱ्यावर त्याला अकरा नावं, म्हणून आंबे पडतात आणि कुणी उचलत नाही. यंदा मीच पिशवी घेऊन जातोय. कुणी हिस्सा मागितलाच, तर अळ्यांसकट वाटून देईन.