‘एका स्कूपने दम दुप्पट’ हा दावा का टिकत नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या खान्देशातील मुलांच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. धावण्याआधी प्री-वर्कआउट पावडरचा एक स्कूप घेतला की दम दुप्पट होतो, डोके तल्लख चालते आणि दुकानात उघड मिळते म्हणजे ती निर्धोकच असते, असे त्यात म्हटले आहे. 1600 मीटरच्या ध्यासाने पोटाला चिमटा घेऊन ही मुले डबे विकत घेतात, म्हणून हे उत्तर.

आधी दमाचे पाहू. या पावडरींतला खरा परिणामकारक घटक बहुतेक वेळा कॅफीन असतो. थकव्याचा निरोप देणारे अॅडेनोसिन मेंदूत जिथे जाऊन बसते, ती जागा कॅफीन अडवते आणि त्यामुळे तेच श्रम हलके वाटतात. वजनाच्या दर किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफीन सुमारे तासभर आधी घेतल्यास सहनशक्तीच्या खेळात सरासरी 2 ते 4 टक्के सुधारणा दिसते. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण दुप्पट कुठे आणि 4 टक्के कुठे! मात्रा किलोमागे 9 मिलिग्रॅमवर नेली तरी फायदा वाढत नाही, वाढते ती छातीतली धडधड आणि हाताची थरथर. शिवाय कॅफीनमध्ये इंधन नसते. ते रावेरच्या दोन केळ्यांत असते.

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पहाटे एका मुलाला मी कोरडीच पावडर तोंडात टाकताना पाहिले. थोड्या वेळाने तो कान आणि गाल खाजवत सोबत्याला म्हणाला, “चढी गय भाऊ!” ती मुंग्यांसारखी चुणचुण पावडरीतल्या बीटा-अॅलनिन या अमिनो आम्लाची असते. ती बहुधा निरुपद्रवी असली तरी ताकद आल्याची खूण मुळीच नव्हे, कारण बीटा-अॅलनिनचा उपयोग व्हायला ते काही आठवडे रोज घ्यावे लागते.

डोके तल्लख होते, हे अर्धसत्य आहे. कॅफीनने सावधपणा वाढतो, विशेषतः झोप अपुरी असताना. मात्र न वाचलेला धडा त्याने आठवत नाही. निजण्यापूर्वी 6 तास घेतलेले 400 मिलिग्रॅम कॅफीनही तासाभराहून अधिक झोप हिरावते, असे 2013 च्या एका अभ्यासात दिसले. संध्याकाळी मैदानावर स्कूप घेऊन रात्री लेखी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने हा हिशेब जरूर मांडावा.

राहिला निर्धोकपणा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने कॅफीन 2004 पासून बंदीच्या यादीतून काढले, हे खरे. पण पावडरीत एकटे कॅफीन असते असे नाही. मिथाइलहेक्झानअमीन हे उत्तेजक 2010 मध्ये त्या यादीत आले आणि त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर अनेक भारतीय खेळाडू त्याच द्रव्यापायी अडकले. डब्यावर ते कधी ‘जेरेनियम अर्क’ म्हणूनही लिहिलेले असते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ म्हटल्याने खेळाडूची सुटका होत नाही.

तीव्र उत्तेजके थकव्याची जाणीव दडपतात, त्यामुळे शरीर तापूनही माणूस थांबत नाही. 1967 च्या तूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत माँ व्हाँतू डोंगरावरच्या उन्हात कोसळून मेलेल्या सायकलपटू टॉम सिम्प्सनच्या शरीरात अॅम्फेटामीन हे असेच उत्तेजक सापडले होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत जातो. तेव्हा ज्या डब्यावर कॅफीनचे मिलिग्रॅम न देता केवळ ‘विशेष मिश्रण’ असे छापले असेल, तो दुकानदाराला परत करावा.