इटलीला जाताय? मग पिसा कापा आणि बोलोन्याला खोली घ्या

इटलीचा प्लॅन म्हटलं की सगळ्यांचा एकच. रोम, पिसा, फ्लॉरेन्स, व्हेनिस, जमलं तर मिलान आणि मग विमान. आठवडाभरात पाच शहरं, रोज बॅगा भरा रोज उघडा, आणि परत आल्यावर सांगायचं काय तर "गर्दी फार होती बुवा". अहो असणारच ना, त्या गर्दीत आपणही होतोच की!

माझं मत सरळ आहे, पटलं तर घ्या. रोम अजिबात सोडू नका, उलट तिथे एखादा दिवस जास्तच द्या. पण पिसा कापा, व्हेनिसचा मुक्काम कापा आणि बोलोन्याला खोली घेऊन तिथून रोज ट्रेनने फिरा. बोलोन्या मोठं जंक्शन आहे. फास्ट ट्रेनने फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत, फेरारा साधारण अर्धा तास, रावेन्ना सव्वा तासाच्या आसपास. साध्या रेजिओनाले गाडीचं भाडं ठरलेलं असतं, ऐनवेळी तिकीट काढलं म्हणून वाढत नाही, फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करा नाहीतर दंड बसतो आणि तिथे "माहीत नव्हतं" चालत नाही.

आणि बोलोन्या नुसतं झोपायला नाही हं. १०८८ पासूनचं विद्यापीठ, त्यामुळे गाव पोरांनी भरलेलं, आणि फुटपाथवर सगळीकडे कमानी, जुन्या शहरात मैलोनमैल छपराखालूनच चालायचं, ऊन असो पाऊस असो. यातली एक रांग तर ६६६ कमानींची आहे, चढत चढत थेट टेकडीवरच्या सान लुकाच्या चर्चपर्यंत जाते. २०२१ मध्ये युनेस्कोने या कमानींना वारसा यादीत घेतलं. आणि ज्यांना झुकलेला मनोरा बघायचाच आहे त्यांच्यासाठी गावाच्या मधोमध गारिसेंदा आहे की! पिसाच्या तोडीस तोड झुकलाय, इतका की २०२३ मध्ये पडेल या भीतीने आजूबाजूचा भाग बंद करावा लागला. इटलीचा महाकवी दांते, त्याने आपल्या नरकाच्या वर्णनात या मनोऱ्याचा उल्लेख केलाय. फक्त तो पकडून धरल्याचे फोटो कुणी काढत नाही.

दांते म्हणजे फ्लॉरेन्सचा, बरोबर? फ्लॉरेन्सला सांता क्रोचे चर्चमध्ये त्याची भलीमोठी कबर दाखवतात, लोक फोटो काढतात. ती रिकामी आहे. फ्लॉरेन्सने १३०२ मध्ये त्याला हद्दपार केलं, तो १३२१ मध्ये रावेन्नाला वारला आणि त्याला तिथेच पुरलं. पुढे फ्लॉरेन्सला उपरती झाली, पोपची परवानगी घेऊन माणसं हाडं न्यायला आली तर आत काहीच नाही! फ्रान्सिस्कन साधूंनी आधीच काढून लपवलेली, ती सापडली थेट १८६५ मध्ये. आजही फ्लॉरेन्स दर सप्टेंबरला रावेन्नाच्या त्या कबरीवरच्या दिव्यासाठी तेल पाठवतं. मला ही गोष्ट फार आवडते.

बरं रावेन्नाला फक्त कबर नाही. ४०२ पासून पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी इथे होती, आणि त्या काळातली आणि नंतरची मोझॅइक बघून माणूस गप्प होतो. रोमन राजकन्या गाला प्लासिदियाची समाधी बाहेरून विटांची साधी खोली, आत मान वर केली की गर्द निळं छत आणि सोनेरी चांदण्या, पाचव्या शतकातल्या. शेजारीच सान व्हितालेचं चर्च, तिथे सम्राट जस्टिनियन आणि त्याची राणी थिओडोरा लवाजम्यासकट भिंतीवरून तुमच्याकडे बघतायत. युनेस्कोच्या यादीत इथल्या आठ वास्तू आहेत, गाव सपाट आहे, बहुतेक सगळं एकमेकांच्या जवळ, आईवडिलांना घेऊन जायला एकदम योग्य.

व्हेनिस मग बघायचंच नाही का? बघा की, एक दिवस. पण २०२४ पासून काही ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश फी लावलीये, २०२४ मध्ये ती ५ युरो होती, आता किती ते तपासून जा. त्याच रस्त्यावर पादोवा आहे, व्हेनिसहून ट्रेनने अर्धा तास. जोत्तो या चित्रकाराने १३०५ च्या सुमारास रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपेल तिथे आहे. एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, आधी काचेच्या खोलीत बसवतात, का तर आपल्या श्वासाची दमट हवा चित्रांना नको. बुकिंग आधीच करा.

दक्षिणेला मातेराचं नाव आता बऱ्याच जणांनी ऐकलंय. डोंगरात कोरलेली घरं, माणसं आणि जनावरं एकाच खोलीत, ही देशाची लाज आहे म्हणून १९५२ च्या कायद्याने हजारो लोकांना तिथून हलवलं. १९९३ मध्ये तेच युनेस्कोच्या यादीत, २०१९ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी, आणि आता त्याच गुहांमध्ये महागडी हॉटेलं. म्हणूनच ते "हिडन जेम" वगैरे शब्द ऐकले की मला चीड येते. लपलेलं काही नसतं हो, तिथे लोक राहतात, आपल्याला माहीत नव्हतं इतकंच. समुद्रकाठची चिंक्वे तेर्रे ही पाच गावं पण कधीकाळी कोळ्यांची शांत गावंच होती, आज उन्हाळ्यात तिथल्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नसते.

जेवणाचं सांगते. बोलोन्याकडे मांसाहार जोरात, पण फेराराला लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता मिळतो, कापेलाच्ची, तो चुकवू नका. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या, वर आणि बहुधा सारणातही पार्मेजानो चीज असतं, आणि खऱ्या पार्मेजानोत दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आणि १५ ऑगस्टच्या आसपास जाऊ नका, या छोट्या शहरांतली निम्मी दुकानं बंद आणि मालक समुद्रावर.