‘लिस्प मेली’ म्हणण्याआधी ४२ नंबर बघा

ड्राफ्टिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. ‘ऑटोकॅडमध्ये लिस्प शिकण्यात वेळ घालवू नका’ अशी सुरुवात, आणि खाली कारणं. (ऑटोकॅड म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर; लिस्प, म्हणजेच त्यातली ऑटोलिस्प, ही तीच ती कामं आपोआप करून घेणारे छोटे प्रोग्रॅम लिहायची भाषा. अशा प्रोग्रॅमलाही आम्ही लिस्पच म्हणतो.) ही चाळीस वर्षांपूर्वीची भाषा, मेलेलीच समजा. एलटीवर, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वस्त आवृत्तीवर, ती चालत नाही. लिस्पने टाकलेल्या मापांवर भरवसा नाही. फील्ड (ड्रॉइंगमधून वाचून आपोआप बदलणारा मजकूर) आणि अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्ट (स्केलप्रमाणे आकार बदलणारी अक्षरं) आल्यापासून तिची गरज उरली नाही. लिस्पच्या फाइलींमधून व्हायरस येतो. आणि लागलीच कधी, तर एआय लिहून देईल. ऑफिसात नवीन आलेली मुलं मोबाइल पुढे करून विचारतात, ‘सर, खरंय का हे?’ दर वेळी चहा गार होईपर्यंत तेच बोलावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

वयाचा हिशेब बरोबर आहे. ऑटोलिस्प १९८६ साली ऑटोकॅडच्या २.१८ आवृत्तीत आली, डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पवर बेतलेली. मूळ लिस्प त्याहून जुनी, जॉन मॅकार्थी यांची, १९५८ सालची. पण म्हातारी झाली म्हणजे मेली, हे कुठलं गणित? तिच्या मागून आलेल्यांचं काय झालं ते बघा. व्हीबीए, मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅमिंगची भाषा, वाजतगाजत आलं. ऑटोकॅड २०१०पासून ते मूळ इन्स्टॉलेशनमधून बाहेर गेलं, हवं असेल त्याने वेगळं उतरवून घ्यायचं. मायक्रोसॉफ्टच्याच डॉटनेटमधले प्लगइन (ऑटोकॅडला जोडायचे प्रोग्रॅम) ताकदीचे, पण ऑटोकॅड २०२५ने डॉटनेट ८ धरलं आणि जुन्या डीएलएल, म्हणजे त्या प्लगइनच्या तयार फाइली, नव्याने बांधायची वेळ आली. ज्यांच्याकडे मूळ कोड नव्हता ते प्लगइन देणाऱ्याच्या दारात बसले. लिस्पची फाइल म्हणजे नोटपॅडमध्ये उघडणारा मजकूर. आर-१४ या ऑटोकॅडच्या जुन्या आवृत्तीच्या काळातली साधी लिस्प आजही एपलोड कमांडने लोड करून चालवता येते. शिवाय ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड ही ऑटोकॅडसारखी दुसरी सॉफ्टवेअरंही लिस्प वाचतात. लायसन्सच्या खर्चामुळे तिकडे वळलेल्या लहान ऑफिसांना नव्या घरात जुनी भांडी चालतात, ती याचमुळे.

आणि भाषा मेलेली असती तर तिच्यावर काम कशाला केलं असतं? २०२१च्या आवृत्तीत ऑटोलिस्प युनिकोड झाली. आपल्याला हे महत्त्वाचं: ‘शयनगृह’ असं थेट देवनागरीत लिस्पच्या फाइलीत लिहिता येतं. त्याआधी एक तर जुन्या शिवाजी किंवा कृतिदेव फाँटची कसरत, नाहीतर प्रत्येक अक्षराचा युनिकोड आकडा शोधून ओळीत ठोकायचा. मी ते केलंय. पुन्हा करणार नाही.

एलटीचा मुद्दा एके काळी खरा होता. मार्च २०२३मध्ये आलेल्या एलटी २०२४पासून तिथे ऑटोलिस्प आहे. विषय संपला. जपायचं आहे ते मॅकवाल्यांनी: व्हीएलए-ने सुरू होणारी लिस्पची फंक्शनं विंडोजमधल्या अ‍ॅक्टिव्हएक्सवर उभी आहेत, ती मॅकवर मिळत नाहीत.

आता मापांवरच्या भरवशाचं. यात सगळ्यात जास्त तथ्य आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही, त्यामुळे इथे जरा बसू.

लिस्पने ड्रॉइंगचा विचका होतो, हे मी स्वतःच्या हाताने करून बघितलंय. पहिली लिस्प लिहिली ती खोल्यांची नावं टाकायची: बिंदू घे, टेक्स्ट कमांड चालव, उंची २५०, कोन शून्य, मजकूर ‘बेडरूम’. २५० का, तर १:१०० स्केलला कागदावर अडीच मिलिमीटर अक्षर हवं म्हणून. माझ्या मशिनवर मस्त चालली. शेजारच्या टेबलावर दिली, तर प्रत्येक खोलीत एक शून्य, तेही वाकडंतिकडं फिरलेलं, आणि ‘बेडरूम’चा पत्ता नाही. अर्धा दिवस डोकं धरून बसलो. कारण एवढंसं निघालं: त्याच्या टेक्स्ट स्टाइलमध्ये उंची आधीच ठरवून ठेवलेली होती. स्टाइलमध्ये उंची ठरलेली असेल तर टेक्स्ट कमांड उंची विचारतच नाही. मग माझे २५० गेले कोनाच्या जागी, शून्य गेलं मजकुराच्या जागी, आणि मजकूर गेला हवेत. दुसरा नेहमीचा घोळ ऑब्जेक्ट स्नॅपचा, म्हणजे रेषांची टोकं-कोपरे आपोआप पकडणाऱ्या सोयीचा. स्नॅप चालू असताना कमांड फंक्शनने बिंदू दिला की तो जवळच्या कोपऱ्याला जाऊन चिकटतो आणि नाव भिंतीत घुसतं.

दोन्हींवर उपाय जुने आणि माहितीतले. कमांडचे प्रश्न टाळून एंटमेक या लिस्पच्या फंक्शनने टेक्स्ट थेट बनवायचं. तिथे ना स्नॅप आड येतो, ना स्टाइलची उंची. कमांडच वापरायची असेल तर आधी ओएसमोड (स्नॅपची सेटिंग) शून्य करायचं, काम झाल्यावर पूर्ववत करायचं, आणि मध्येच कुणी एस्केप दाबलं तरी ते पूर्ववत व्हावं म्हणून एरर फंक्शन लिहायचं. हे शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत. मग ‘लिस्प चालवली की स्नॅप जातो’ अशी ओरड होते, आणि तिथूनच असे मजकूर जन्माला येतात.

पण भरवशाची तुलना करायची कशाशी? हाताने टाकलेल्या मापांशी ना? तर मग तीही उघडून बघू. ऑटोकॅडमधलं प्रत्येक डायमेन्शन, म्हणजे ड्रॉइंगवर दाखवलेलं माप, आतून नंबर लावलेल्या जोड्यांची यादी असतं. लिस्पमध्ये एंटगेट केलं की ती दिसते, आणि त्यात कामाच्या जोड्या दोन:

(१ . "१२००")
(४२ . ११४०.०)

४२ म्हणजे खरं मोजलेलं अंतर. १ म्हणजे कुणीतरी वर टाइप केलेला मजकूर. ही जोडी एका जिन्याच्या रुंदीची होती. दुसऱ्या ऑफिसातून आलेलं ड्रॉइंग, आम्हाला त्यावरून वर्किंग ड्रॉइंग करायला दिलेलं. कागदावर १२००, रेषांमध्ये ११४०. रेषा सरकवायचा कंटाळा आला म्हणून आकड्यावर डबल क्लिक करून नवा आकडा ठोकला, की असं होतं. छापलेल्या कागदावर काहीच कळत नाही. साइटवर मिस्त्री सूत लावतो तेव्हा साठ मिलिमीटर कमी पडतात.

हे शोधायला माझ्याकडे दहा-बारा ओळींची लिस्प आहे. एसएसगेट या फंक्शनने ड्रॉइंगमधली सगळी डायमेन्शनं गोळा करायची, एकेकाची १ नंबरची जोडी बघायची. ती रिकामी असेल किंवा तिच्यात ‘<>’ ही खूण असेल तर पुढे जायचं, कारण ही खूण म्हणजे ‘इथे खरं माप दाखव’. नाहीतर ते डायमेन्शन लाल करायचं. बस, एवढंच. बाहेरून आलेलं कुठलंही ड्रॉइंग आधी यातून जातं. शंभर डायमेन्शनांत चार-पाच लाल दिसली तर मी त्याला चांगलं ड्रॉइंग म्हणतो! मग सांगा, भरवसा कुणावर नाही, लिस्पवर की बोटांवर?

फील्डचा मुद्दा मांडणाऱ्याने निदान ऑटोकॅड वापरलंय, हे मान्य. फील्ड २००५च्या आवृत्तीपासून आहेत, अ‍ॅनोटेटिव्ह स्केल २००८पासून, आणि दोन्ही मी रोज वापरतो. साध्या लिस्पचं एक दुखणं फील्ड बरोबर पकडतं. पॉलिलाइनचं, म्हणजे खोलीभोवती काढलेल्या सलग रेषेचं, क्षेत्रफळ वाचून लिस्पने ‘१०.९८ चौमी’ लिहिलं. खोली ३६०० बाय ३०५०, अगदी बरोबर. दोन दिवसांनी टॉयलेट मोठं करायचं म्हणून भिंत १५० आत सरकली. खोली झाली १०.५२, पण टेक्स्ट तिथेच १०.९८वर ठाम. फील्ड असतं तर रीजेन कमांडने ड्रॉइंग ताजं केल्यावर आकडा आपोआप बदलला असता. पॉलिलाइन चुकून उडवली असती तर #### अशा चार खुणा दाखवून बोंब मारली असती. फील्डच्या आकड्यामागे राखाडी पट्टी असते, ती छापली जात नाही, पण तपासणाऱ्याला स्क्रीनवर कळतं की हा आकडा जिवंत आहे.

मग लिस्प कशाला? तर ते फील्ड टाकायला. हाताने एक फील्ड टाकून बघा: खिडकी उघडा, ऑब्जेक्ट निवडा, एरिया निवडा, दशांश ठरवा, आणखी एक खिडकी उघडून चौरस मिलिमीटरचे चौरस मीटर करायला ०.००००००१ लिहा. इथे शून्यं मोजली का? मी मुद्दाम एक जास्त टाकलंय. बिंदूनंतर पाच शून्यं आणि मग एक हवा. पालिकेच्या सबमिशनला बिल्टअपची आकृती अ, ब, क, ड अशा चौकोनांत फोडावी लागते, वजावटीचे तुकडे वेगळे, प्लॉटचे त्रिकोण वेगळे. एका मजल्याला तीस-चाळीस तुकडे सहज होतात. चाळीस वेळा ती खिडकी उघडून प्रत्येक वेळी शून्यं बरोबर मोजणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लिस्पमध्ये तो गुणक एकदा लिहायचा, एकदा तपासायचा. पुढे ती चाळीस पॉलिलाइनींवर फिरून प्रत्येकीच्या मध्यावर अक्षर आणि फील्ड ठेवते, आणि शेवटी तक्ताही भरते. फील्ड आलं म्हणून लिस्प नको म्हणणं म्हणजे मिक्सर आला म्हणून स्वयंपाकीण नको म्हणण्यासारखं आहे.

व्हायरसचं भय खोटं नाही, याबद्दल त्या मजकुराचे आभारच मानतो. २०१२ साली मेड्रे नावाचा किडा सापडला, ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला. तो मुख्यतः पेरूमध्ये पसरला होता आणि लोकांची ड्रॉइंगं चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवत होता. असे किडे पसरतात ते आपल्याच सवयीने: ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची लिस्प फाइल पडलेली असते, आपण अख्खं फोल्डर झिप करून पाठवतो, समोरचा ड्रॉइंग उघडतो आणि ती फाइल न विचारता लोड होते. म्हणून २०१४च्या आवृत्तीपासून सिक्युअरलोड आहे: विश्वासू म्हणून नोंदवलेल्या फोल्डरबाहेरची फाइल लोड होताना ते आधी विचारतं. ते बंद करू नका. ऑफिसच्या लिस्प एका फोल्डरमध्ये ठेवा, तेवढंच विश्वासू करा, आणि उघडून वाचता न येणारी एफएएस (लिस्पची कंपाइल केलेली) फाइल कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. पण पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो म्हणून कुणी पेन ड्राइव्ह वापरायचा सोडला का?

राहिलं एआय. लिहून देतं, आणि बरं लिहितं. माझ्याकडच्या मुलाने क्षेत्रफळाची लिस्प तिथूनच लिहून घेतली, मला न विचारता. सुबक होती, एरर फंक्शनसकट. माझ्या पहिल्या लिस्पपेक्षा शंभर पटींनी चांगली. ती त्याने सर्व्हेयरकडून आलेल्या ड्रॉइंगवर चालवली. प्लॉटच्या सगळ्या त्रिकोणांत आकडा आला ०.००. पोराने पुन्हा लिहून घेतली, पुन्हा ०.००, तिसऱ्यांदा तर एआयने पॉलिलाइनच बंद नसल्याचं कारण दिलं आणि तो एकेक पॉलिलाइन बंद करत बसला. मी मागून जाऊन एका बाजूवर डिस्टन्स घेतलं: १८.४०. सर्व्हेचं ड्रॉइंग मीटरमध्ये, आणि लिस्प इमानेइतबारे प्रत्येक क्षेत्रफळाला दहा लाखांनी भागत होती. त्याला म्हटलं, ही भागाकाराची ओळ बघ. त्याने कंस मोजत मोजत ती शोधली, स्वतः बदलली, आणि मग आठवण झाल्यासारखं विचारलं, ‘सर, ते ४२ नंबरचं काय म्हणत होतात?’