शनिवारच्या गोळ्या

दर शनिवारी रात्री जेवण झालं की मी मेथोट्रेक्सेटच्या पिवळ्या गोळ्या घेते आणि कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करते. आज अकरावी खूण केली. तिसऱ्या खुणेनंतर मी हे औषध कायमचं सोडणार होते, म्हणून मुद्दाम लिहितेय.

मला रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात आहे. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळायची नाही. दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना, वेणी लेक घालून द्यायची. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, 'आठवड्यातून एकदाच घ्यायची' एवढं सांगितलं आणि पुढचा पेशंट आत आला.

पहिल्याच रविवारी फोडणीच्या वासाने पोटात ढवळून आलं. दिवसभर अंगात त्राण नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं, साधा वरणभातही झोंबायचा. मोबाईलवर शोधलं तर 'कॅन्सरचं औषध'! त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नात्यातल्या एकीने पुडी देणाऱ्याचा पत्ताही दिला. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणून तिकडे गेले नाही.

पुन्हा दवाखान्यात गेले. या वेळी तिथल्या तरुण डॉक्टरबाई दहा मिनिटं शांतपणे बोलल्या. कॅन्सरमध्ये हे औषध कितीतरी मोठ्या डोसमध्ये देतात. संधिवातासाठी आठवड्याला थोडंसंच, आणि अमेरिकेत त्याला १९८८ सालीच मान्यता मिळाली आहे. मग त्यांनी विचारलं, "फॉलिक अॅसिड घेताय ना?" मी घेत नव्हते. चिठ्ठीत ५ मिलिग्रॅमची ती गोळी होती, पण ताकदीची असेल म्हणून बाजूला ठेवली होती. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फॉलिक अॅसिडच्या कामात अडथळा आणतं, तोंड येणं आणि मळमळ बरीचशी त्यातूनच येते. ती गोळी वेगळ्या दिवशी घ्यायला लागले आणि दोन आठवड्यांत तोंड बरं झालं.

हे पहिल्याच दिवशी कुणी का सांगत नाही? माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मनापासून आहे. किती बायका चौथ्या आठवड्यात गुपचूप गोळ्या बंद करत असतील! या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर सांधे झिजत राहतात, आणि झिजलेला सांधा परत येत नाही.

मळमळ थांबत नसेल तर डॉक्टरांना सांगा. त्या एकाच दिवसात डोस विभागून देता येतो, कातडीखाली घ्यायचं इंजेक्शनही मिळतं. रक्ताच्या तपासण्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या, चुकवू नका. ताप, कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधीच बोला, गरोदरपणात हे औषध चालत नाही. आणि ही गोळी चुकूनही रोज घेऊ नका, जिवावर बेततं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांच्या डब्या स्वतः भरून द्या.

परवा कणीक मी मळली. अंगठा थोडा दुखला, पण मळली.

उद्या रविवार. मऊ भातासाठी तांदूळ आणि मेतकूट काढून ठेवलंय, आल्याचा तुकडाही. लेकीला सांगितलंय, फोडणी दुपारनंतर घाल.