‘६५ वॉटचा म्हणून डुप्लिकेट चार्जर दिला’ या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की ६५ वॉटचा म्हणून आम्ही डुप्लिकेट चार्जर दिला. तुमच्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्रावर नुसतं ‘सुपर फास्ट चार्जिंग’ दिसतं, पुढे ‘२.०’ (४५ वॉटच्या वेगाची खूण) येत नाही. मुलीच्या टॅब ए९ प्लसला तीन तास लागतात. दोन्ही एकदम लावले की फोनचं चार्जिंग बंद होऊन परत सुरू होतं. मिस्टरांच्या वनप्लसला तर त्याचा जुनाच चार्जर बरा. आणि आमचा काउंटरवरचा मुलगा चारशेची केबल गळ्यात मारायला बघत होता. असाच चार्जर बरेच जण घेतात, म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतोय.

आधी केबलचं बोलू, कारण तुमच्या फोनचं उत्तर तिथेच आहे. ‘फोनच्या बॉक्समधली केबल आहे, नवी नको’ असं म्हणून तुम्ही फक्त चार्जर नेलात. ती केबल चांगली आहे, कंपनीचीच आहे, पण ३ अँपिअरची आहे. तुमचा फोन ४५ वॉट घेतो ते १० व्होल्टच्या आसपास, म्हणजे त्याला साडेचार अँपिअर लागतात (वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर). ५ अँपिअरच्या यूएसबी-सी केबलच्या टोकात एक छोटी चिप असते, तिला ई-मार्कर म्हणतात. जास्त करंट सोडण्याआधी चार्जर त्या चिपला विचारतो. चिपच नसेल तर तो ३ अँपिअरच्या पुढे जात नाही, आणि जाऊही नये, कारण बारीक तारेतून जास्त करंट गेला तर केबल तापते. मग फोन २५ वॉटवर थांबतो आणि स्क्रीनवर ‘२.०’ येत नाही. तुम्हाला दिसलं ते हेच. म्हणजे चार्जर नियमाने वागतोय.

पुष्कळ जण विचारतात की ३ अँपिअरच्या केबलवर ६० वॉट छापलेले असतात, मग ४५ का मिळू नयेत? ते ६० वॉट २० व्होल्टला धरलेले असतात, २० गुणिले ३. लॅपटॉप २० व्होल्ट घेतो, त्याला ती केबल चालते. फोन १० व्होल्टलाच घेत असेल तर त्याच केबलमधून ३०च्या वर जाता येत नाही. म्हणून फोनसाठी केबल घेताना वॉट बघू नका, अँपिअर बघा. मुलाने चारशेची केबल दाखवली ती एवढ्याचसाठी. तुम्ही नको म्हणालात, त्याने परत ठेवली. घ्यायलाच हवी असंही नाही. २५ वॉटवर रात्री फोन लावून ठेवणाऱ्याला जुनी केबल पुरते.

आता टॅब. टॅब ए९ प्लस १५ वॉटच्या वर घेतच नाही, त्याला ६५चा लावा नाहीतर १००चा. किती घ्यायचं ते टॅब ठरवतो, चार्जर फक्त जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो. त्याच कारणाने मोठ्या चार्जरने छोटा फोन जळत नाही; ती भीतीही बऱ्याच जणांच्या मनात असते. टॅबची बॅटरी ७०४० एमएएच आहे, म्हणजे साधारण २७ वॉट-तास. १५ वॉटने, थोडी उष्णतेत जाणारी वीज धरून आणि ८० टक्क्यांनंतर वेग आपोआप कमी होतो हे धरून, अडीच-तीन तास लागणारच.

दोन्ही एकदम लावल्यावर फोन क्षणभर थांबतो, कारण चार्जर तेव्हा ६५ वॉटची नवी वाटणी करतो: एका पोर्टला ४५, दुसऱ्याला २०. हे चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेलं आहे. एकदाच थांबून पुन्हा सुरू झालं तर काळजी नको. सारखं तसं होत असेल तर मात्र चार्जर घेऊन या, मी स्वतः बघतो.

वनप्लसचं गणित वेगळं आहे. वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांचं वेगवान चार्जिंग त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचं असतं, त्याला त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल लागते. तुम्ही नेलेला चार्जर पीडी आणि पीपीएसचा आहे, म्हणजे यूएसबी-सीच्या सगळ्यांसाठी सारख्या असलेल्या वेगवान चार्जिंगच्या पद्धतींचा; पीपीएसमध्ये फोन लागेल तसा व्होल्ट थोडाथोडा कमी-जास्त करून मागतो. तो त्या फोनला चार्ज करेल, पण पूर्ण वेगाने नाही. मिस्टरांनी जुनाच वापरावा, त्यासाठी नवीन काही घेऊ नका. घरात कोणकोणते फोन आहेत हे आम्ही विचारतो ते यासाठीच. तुम्हाला ते खोदून विचारणं वाटलं, पण २०२० साली आयफोन १२च्या आणि २०२१ साली गॅलेक्सी एस२१च्या बॉक्समधून चार्जर गेला, तेव्हापासून योग्य जोडी जुळवायचं काम गिऱ्हाइकावर आणि आमच्यावर आलंय. न विचारता चार्जर दिला तर तो फोनला जुळेलच असं नाही. पीपीएस नसलेला ६५ वॉटचा चार्जरही मिळतो, आणि तुमच्या फोनला तो याच्यापेक्षा हळू चार्ज करतो.

राहिला डुप्लिकेटचा आरोप. तो मला मान्य नाही. चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाका, कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसेल. बिलही पक्कं दिलंय. बाजारात बिना नंबरचे चार्जर ढिगाने मिळतात, त्यात आम्हाला नफाही जास्त सुटला असता. पण हा डबा रात्रभर उशाशी लागतो, म्हणून आम्ही ते ठेवत नाही.

घरी आधी एवढं करून बघा. सेटिंगमध्ये बॅटरीच्या चार्जिंग सेटिंगमध्ये ‘सुपर फास्ट चार्जिंग’ चालू आहे का ते पाहा, कोणाकडे ५ अँपिअरची केबल असेल तर मागून घ्या, आणि बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली असताना स्क्रीन बंद ठेवून लावा. नाहीतर सरळ दुकानात या. फोन, टॅब, चार्जर आणि घरची केबल आणा, फोन चार्ज करून आणू नका. काउंटरवर यूएसबी मीटर आहे. आधी तुमच्या केबलने, मग आमच्या ५ अँपिअरच्या केबलने लावतो, वॉट तुम्ही स्वतः वाचा. आमच्या केबलने ‘२.०’ आलं नाही तर चार्जरचे पूर्ण पैसे परत. आलं, तर केबल घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण रिव्ह्यूमधला ‘डुप्लिकेट’ शब्द काढा ही विनंती. स्टार तुमच्या मनाप्रमाणे ठेवा.

सोमवारी दुकान बंद असतं. बाकी दिवशी दुपारी चारनंतर मी स्वतः असतो.