खालच्या विभागातला क्लब कुणाच्या जिवावर चालतो?

एका संध्याकाळी आमच्यात वाद सुरू झाला तो काकांच्या एका विधानावरून. खालच्या विभागात धडपडणाऱ्या फुटबॉल क्लबाला चाहत्याने द्यायचे ते एवढेच, की दर सामन्याला तिकीट काढून यावे, घसा बसेपर्यंत ओरडावे आणि निकाल काहीही लागला तरी पुढच्या सामन्याला पुन्हा हजर राहावे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. कर्ज, पगार, मालकी या गोष्टी संचालक मंडळाने पाहाव्यात, प्रेक्षकाने त्यात नाक खुपसू नये, ही त्यांच्या विधानाची दुसरी बाजू होती. हरणाऱ्या संघाची साथ काकांनी कधीही सोडलेली नाही हे आम्ही सारे जाणतो. त्यामुळे त्यांचे म्हणणे खोडून काढताना प्रत्येकाने शब्द जपूनच वापरले.

पहिली हरकत हिशेबनीसाने घेतली. तो म्हणाला, "काका, तुमच्या घोषणांनी खेळाडूला हुरूप येईल, पण त्याचा पगार त्यातून निघणार नाही. वरच्या विभागातल्या क्लबांना प्रक्षेपणाचा पैसा मिळतो. खाली तो नावापुरता उरतो आणि सगळी भिस्त गेटवर जमणाऱ्या रकमेवर, जर्सीवरच्या जाहिरातीवर आणि एखादा गुणी खेळाडू विकला गेलाच तर त्याच्या किमतीवर असते. सीझन तिकिटांचे पैसे हंगाम सुरू होण्याआधी एकदम हातात येतात आणि त्याच पैशांवर करार केले जातात. हंगामाच्या मध्यावर ती रक्कम संपलेली असते, आणि नेमके त्याच सुमारास पावसाने आणि थंडीने सामने पुढे ढकलले जाऊ लागतात."

हे शेवटचे वाक्य काकांना चांगलेच पटले, कारण असे प्रसंग त्यांनी पाहिलेले आहेत. मैदानावर ठिकठिकाणी पाणी साचलेले असते, सकाळपासून आलेले चार-पाच स्वयंसेवक लांब दातांचे काटे जमिनीत रोवून पाणी खाली मुरवत असतात, कुणी झाडूने ते कडेला लोटत असतो. मग रेफरी येतो, गोलच्या तोंडाशी उभा राहून कमरेच्या उंचीवरून चेंडू सोडतो, आणि चेंडू न उसळता तिथेच रुतून बसतो. सामना रद्द होतो. पाहुण्या संघाचे चाहते अर्ध्या वाटेवरून परत फिरतात, छापून ठेवलेली सामन्याची पुस्तिका गठ्ठ्यातच राहते, आणि गेटवर त्या दिवशी एक पैसाही जमत नाही. खेळाडूंच्या पगाराची तारीख मात्र पुढे ढकलता येत नाही. हाच सामना पुढे आठवड्याच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी खेळवला जातो, तेव्हा प्रेक्षक निम्मेही येत नाहीत. क्लब बुडण्याची सुरुवात कुठल्याशा मोठ्या घोटाळ्यातूनच होते असे नाही. अशा दोन-तीन रिकाम्या शनिवारांनंतर घेतलेल्या पहिल्या उधारीतूनही ती होते. हिशेबनीसाचा हा मुद्दा मला त्या संध्याकाळच्या साऱ्या चर्चेत सर्वांत मोलाचा वाटला.

वकिलाने त्याला इंग्लंडमधल्या बेरी क्लबाचे उदाहरण जोडले. 1885 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने 1900 आणि 1903 अशा दोन वेळा एफए कप ही इंग्लंडमधली मानाची बाद फेरीची स्पर्धा जिंकली होती, आणि 1903 च्या अंतिम सामन्यातला त्यांचा 6-0 हा विजय त्या स्पर्धेच्या इतिहासात अजूनही गाजतो. 2018-19 च्या हंगामात या संघाने चौथ्या स्तरावरून बढती मिळवली. म्हणजे संघ जिंकत होता आणि प्रेक्षक येत होते; तरीही खेळाडूंचे पगार थकले होते, मैदान गहाण पडले होते आणि क्लब अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाच्या हाती गेला होता. 27 ऑगस्ट 2019 रोजी शेकडो चाहते बादल्या आणि झाडू घेऊन गिग लेन या आपल्या मैदानावर आले. खरेदीचा व्यवहार पुरा होईल आणि पुढचा सामना खेळता येईल या आशेवर त्यांनी खुर्च्या पुसल्या, गवत काढले. त्याच दिवशी खरेदीदाराने माघार घेतली आणि रात्री लीगने, म्हणजे प्रीमियर लीगखालचे तीन विभाग चालवणाऱ्या संस्थेने, बेरीला बाहेर काढले. "त्या माणसांनी तिकीट काढायचे कधी चुकवले होते, काका?" वकिलाने विचारले. काका काही बोलले नाहीत.

या प्रश्नाचे खरे उत्तर असे, की बेरीच्या चाहत्यांनी आपले कर्तव्य पार पाडले होते, पण क्लबाची खरी स्थिती त्यांना कळली तेव्हा झाडू हातात घेण्यापलीकडे करण्यासारखे काही उरले नव्हते. माझे साऱ्या चर्चेत हेच म्हणणे होते आणि ते मी पुन्हा पुन्हा मांडले: चाहत्याला संकटात हाक मारणाऱ्या क्लबाने संकट येण्याआधी त्याला हिशेब दाखवला पाहिजे. मदतीचे आवाहन आणि बंद वही या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

ताईंचा रोख वेगळा होता. त्यांच्या मते आम्ही सगळे जुन्या चाहत्यांबद्दलच बोलत होतो, आणि धडपडणाऱ्या क्लबाचा खरा प्रश्न नवा माणूस आत कसा येईल हा असतो. "पहिल्यांदा येणाऱ्या बाईला आपल्या मुलीला घेऊन कुठल्या दाराने आत जायचे, कुठे उभे राहायचे, प्रसाधनगृह कुठे आहे, हे कुणी सांगत नाही. सामना रद्द झाल्याची बातमी क्लब दुपारी देतो, तेव्हा ती घरातून निघालेली असते. ती पुन्हा येणार नाही, आणि ती का आली नाही हे क्लबाला कधी कळणारही नाही." इंग्लंडमध्ये 2010 पासून, राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे वरच्या विभागांना सुट्टी असते अशा शनिवारी, छोट्या क्लबांचा सामना पाहायला जाण्याचा 'नॉन-लीग डे' पाळला जातो, याचा त्यांनी उल्लेख केला. त्या दिवशी काही क्लब प्रवेशमूल्य प्रेक्षकाच्या मर्जीवर सोडतात. कल्पना चांगली आहे, पण त्या दिवशी आलेल्यांचा ठावठिकाणा कुणी टिपून घेतला आणि पुढच्या आठवड्यात त्यांना बोलावले तरच तिचा उपयोग, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

मास्तरांनी यावर एक पाऊल पुढे टाकले. लोकांना नुसते बोलावण्याऐवजी त्यांना निर्णयात मताचा हक्क द्यावा, म्हणजे ते आपोआप बांधले जातील, असे ते म्हणाले. वकिलाने लगेच एब्सफ्लीट युनायटेडची हकिकत सांगितली. 2008 च्या सुरुवातीला इंटरनेटवर जमलेल्या वीस हजारांहून अधिक सभासदांनी वर्षाला 35 पौंडांची वर्गणी भरून हा क्लब ताब्यात घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात संघाने लीगबाहेरच्या क्लबांची एफए ट्रॉफी जिंकली, आणि हा प्रयोग यशस्वी झाला असे सर्वांनाच वाटले. पण वर्गणी पुन्हा भरायची वेळ आली तेव्हा बहुसंख्य सभासद गळाले, पुढची वर्षे पैशांच्या ओढाताणीत गेली आणि 2013 मध्ये तो कारभार आटोपला.

"म्हणजे मत देणे व्यर्थच की!" काका उसळून म्हणाले. तसे नाही. त्या सभासदांपैकी पुष्कळांनी ते मैदान डोळ्यांनीही पाहिलेले नव्हते. एका बटणाने जोडलेला माणूस दुसऱ्या बटणाने सुटतो. मताला हजेरीची आणि कष्टाची जोड लागते, आणि ती मिळाली की काय होते हे बर्लिनच्या युनियन क्लबाने दाखवले आहे. 2004 मध्ये क्लबाला स्पर्धेत खेळण्याच्या परवान्यासाठी पैसे उभे करायचे होते, तेव्हा चाहत्यांनी रक्त दिले आणि रक्तपेढीकडून मिळालेला मोबदला क्लबाच्या हवाली केला. पुढे 2008-09 मध्ये जुने स्टेडियम नियमात बसेना, म्हणून दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी सुमारे 1,40,000 तास राबून त्याची पुनर्बांधणी केली. ज्याने स्वतःच्या हाताने पायरीचे काँक्रीट ओतले आहे, तो त्या पायरीवरून सहजासहजी उठून जाणार नाही. 2019 मध्ये युनियन पहिल्यांदाच बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च विभागात, पोहोचला, तेव्हा चाहत्यांनी बांधलेल्या त्याच स्टेडियममध्ये तो खेळत होता.

हे ऐकताना काकांचा चेहरा खुलला, पण हिशेबनीस मान हलवत राहिला. बांधकामाला हजारो हात मिळतात, कारण त्याला शेवट असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. दर आठवड्याला गेटवर बसणे, रेषा आखणे, जर्सी धुणे, तिकिटांचा मेळ घालणे ही कामे वर्षानुवर्षे तीच पाच-सहा माणसे करतात आणि एक दिवस थकून बाजूला होतात, असे त्याने सांगितले. ताईंनी त्यावर उपाय सुचवला, की क्लबाने काम मागताना 'मदत करा' असे मोघम न म्हणता 'येत्या शनिवारी दोन तास, पूर्वेकडच्या दारावर, दोन माणसे' असे मागावे. नेमके आणि थोडे काम मागितले तर नवा माणूस हो म्हणतो. हा उपाय साधा आहे, पण कितीतरी क्लब तो करत नाहीत.

मालकीच्या प्रश्नावर मात्र बरीच खडाजंगी झाली. हिशेबनीसाचे मत असे, की अखेरीस क्लबाला धनवान मालक लागतोच. त्याने वेल्समधल्या रेक्सम क्लबाचे उदाहरण दिले. 2011 मध्ये तिथल्या चाहत्यांनी हंगाम खेळता यावा म्हणून एका दिवसात एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमवली, त्यांच्या ट्रस्टने, म्हणजे सभासद चाहत्यांच्या संस्थेने, क्लब हाती घेऊन जवळजवळ दहा वर्षे कर्जाशिवाय चालवला, आणि तरीही 2021 मध्ये दोन अभिनेत्यांकडे तो सोपवल्यानंतरच 2023 मध्ये क्लब लीगमध्ये परतला. पोर्ट्समथच्या चाहत्यांनीही 2013 मध्ये क्लब वाचवला, जुनी देणी फेडली आणि 2017 मध्ये मोठ्या बहुमताने तो विकला, कारण जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता.

वकिलाने दुसरी बाजू तितक्याच नेटाने लढवली. एक्सेटर सिटी ज्या वर्षी लीगमधून खाली फेकला गेला त्याच 2003 मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आला. जानेवारी 2005 मध्ये एफए कपमध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 0-0 असे रोखले, त्या सामन्याच्या आणि फेरसामन्याच्या उत्पन्नातून कर्जाचा मोठा भार हलका केला, आणि 2008 मध्ये तो लीगमध्ये परतला. तिथे अजूनही सभासद नियमितपणे छोटी वर्गणी भरतात. एएफसी विम्बल्डनचे स्टेडियम बांधताना पैसे कमी पडले, तेव्हा बाहेरचा गुंतवणूकदार घेतल्यास चाहत्यांचा ताबा सैल होईल हे ओळखून समर्थकांनीच 2020 मध्ये रोखे काढले आणि पन्नास लाख पौंडांहून अधिक उभे केले.

माझ्या मते, हिशेबनीस आणि वकील यांच्या उदाहरणांत वाटतो तितका विरोध नाही. रेक्सम आणि पोर्ट्समथ विकले गेले, पण विकायचे की नाही हे सभासदांनी मत देऊन ठरवले, कारण तोपर्यंत क्लब त्यांचा होता. खरेदीदाराला त्यांच्यासमोर येऊन आपला बेत मांडावा लागला. बेरीच्या चाहत्यांना हे कधीच मिळाले नाही. आता इंग्लंडमध्ये 2025 च्या कायद्याने वरच्या पाच स्तरांसाठी स्वतंत्र नियामक नेमला आहे आणि क्लबांनी महत्त्वाच्या बाबींत चाहत्यांशी सल्लामसलत करणे बंधनकारक केले आहे. हे चांगलेच झाले. मात्र सल्लामसलतीला येणारा चाहता ताळेबंद वाचू शकत नसेल, तर त्याच्यासमोर चार आकडे फिरवून त्याची संमती मिळवणे सोपे जाईल.

काकांनी शेवटी विचारले तो प्रश्न मला रास्त वाटला: आपसांत मते जुळली नाहीत तर काय करायचे? बेरीचेच पुढे तसे झाले. एका गटाने नवा क्लब काढून दुसऱ्या मैदानावर खेळायला सुरुवात केली, दुसऱ्या गटाने सरकारी अनुदान आणि देणगीदारांच्या मदतीने 2022 मध्ये गिग लेन विकत घेतले, आणि दोन्ही गट एकत्र यावेत म्हणून झालेल्या पहिल्या मतदानात आवश्यक बहुमत मिळाले नाही. 2023 मध्ये दुसऱ्यांदा मतदान झाले, तेव्हा ते मिळाले आणि बेरी नावाचा संघ पुन्हा आपल्या मैदानावर उतरला. मधली वर्षे कडवटपणात गेली. ती टाळता आली असती असे मी म्हणणार नाही, कारण ज्यांचे प्रेम खरे असते ते भांडतातही कडाडून.

मग चर्चा अगदी व्यवहारावर आली. क्लबाने दर तीन महिन्यांनी चाहत्यांना एकच पान द्यावे आणि त्यावर हातातली रक्कम, पुढच्या तीन महिन्यांचे पगार, थकलेला कर, मैदान कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर बोजा किती, एवढेच असावे, असे हिशेबनीसाने मांडले. प्रत्येक खेळाडूचा पगार नावासकट छापावा असा मास्तरांचा आग्रह होता. ताई आणि वकील यांनी त्याला विरोध केला, कारण त्यामुळे एक पास चुकला की लोक त्या मुलाला त्याचा पगार ऐकवू लागतील. एकूण बेरीज पुरेशी आहे, असे ठरले. काकांनी ते पान वाचायचे कबूल केले, पण ते सामन्याच्या दिवशी वाटू नये, सामना नसलेल्या एखाद्या संध्याकाळी सभा बोलावून मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे ज्याला कळले नाही त्याला तिथेच विचारता येईल, अशी अट घातली. हिशेबनीसाने ती मान्य केली.