शिळ्या भातावर रोज अंडं मिळत नाही

मिरग तोंडावर आला आणि गोव्यात पेडणे-डिचोलीकडच्या गटांत एक संदेश पुन्हा फिरू लागला आहे. 'कोंबड्या परसात मोकळ्या सोडा, उरलेला भात घाला, रोज एक अंडं नक्की. विकतच्या खाद्यात हार्मोन असतात. पावसात खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकने बंद करा. अंडी थांबली की कोंबडी म्हातारी झाली, कापून टाका.' या सल्ल्यांनी कोंबड्यांचे हाल होतात, म्हणून एकेकाचं उत्तर देतो.

आधी भात. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात आणि कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात प्रथिनं जेमतेम 3 ग्रॅम, कॅल्शियम तर नावालाच. मग कवच येतं कुठून? कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. पहिल्या वर्षी मीही भात आणि कणीच घालत होतो. श्रावणात बोटाने दाबलं तर आत जाईल अशी मऊ अंडी येऊ लागली. पाठोपाठ एक चांगली तलंग (नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी) पायांवर उभी राहीनाशी झाली. ती गेली. ते आजही मनाला लागतं.

परसातले किडे, वाळवी, कोवळा पाला हे उत्तम खाणं आहे, पण त्याने रोजची गरज भागत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं, त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम हवं. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या विकतच्या खाद्यात, एवढं असतं. भात द्यायचाच तर संध्याकाळी मूठभर, पोट भरल्यावर.

कॅल्शियमची सोय तर गोव्यात घरातच आहे. तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपल्या फेकू नका. उकळून, धुऊन मीठ घालवा, उन्हात वाळवा, खलबत्त्यात जाडसर कुटा आणि वेगळ्या करवंटीत ठेवा. खाद्यात मिसळू नका, कारण पिल्लांना जास्त कॅल्शियम दिलं तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. जिला गरज असते ती कोंबडी आपणहून टिपते. बांगड्याची डोकी उकडून अधूनमधून चालतील, रोज घातली तर अंड्याला मासळीचा वास येऊ शकतो. खारवलेली सुकी मासळी मात्र नको, मीठ कोंबडीला बाधतं. बुरशी धरलेलं धान्य किंवा पेंड तर अजिबात नको.

हार्मोनचं म्हणणं चुकीचं आहे. लेयर मॅश म्हणजे मका, सोयाबीनची पेंड, कोंडा, शिंपल्यांचा चुरा आणि क्षार. वाढीचं हार्मोन हे प्रथिन असतं, ते खाद्यातून दिलं तरी पोटात पचून जाईल. अँटिबायोटिकची काळजी मात्र रास्त आहे. पोत्यावरची चिठ्ठी वाचून घ्या.

प्लॅस्टिकच्या सल्ल्याचा मला सगळ्यांत राग येतो. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंद खुराड्यात ओल कोंडते, विष्ठेतून अमोनिया सुटतो, कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात. ओल्या जमिनीत कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा परजीवी रोग फोफावतो, पिल्लं रक्ती हगवणीने मरतात. पाऊस येतो ती बाजू चिऱ्यांची करा किंवा विणलेल्या झावळ्यांची झड लावा. बाकी बाजूंना वरच्या भागात अर्ध्या इंचाची मजबूत जाळी, म्हणजे वारा खेळेल आणि मुंगूस-उदमांजर आत येणार नाही. छपराची वळचण चांगली पुढे काढा. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा, रोज हलवा, भिजलेलं लगेच काढा. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे एक अंधारी पेटी पुरते.

राहिलं रोजचं अंडं. एक अंडं तयार व्हायलाच 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे अधूनमधून खाडा पडणारच. डिसेंबरात इथला दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा होतो, तर भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालून खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, ते तिचं वय नव्हे, स्वभाव आहे. पिसं झडतानाही अंडी थांबतात, कारण बरीचशी प्रथिनं पिसांत जातात. तेव्हा सुरी बाजूला ठेवा, खाद्य चांगलं द्या. दोन-तीन महिन्यांत नवी पिसं अंगावर आली की ती पुन्हा पेटीत जाऊन बसते.